पान तेच, आकडा ताजा: वेबपानाचा हवा तेवढाच भाग ठरावीक वेळाने कसा बदलावा

घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला की बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी, निपाणी आणि अथणी तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत एकच चौकशी सुरू होते. पाणी किती चढले? कोयनेतून विसर्ग किती सोडलाय? कल्लोळ-येडूर बंधाऱ्यावरून वाट चालू आहे की वळसा घालायचा? कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या तिन्ही नद्या महाराष्ट्रातून खाली येतात. त्यामुळे इथल्या माणसाला आपल्या गावच्या पातळीइतकेच वरच्या धरणांचे आकडेही हवे असतात.

समजा, कुणी गावकऱ्यांसाठी या आकड्यांचे एक वेबपान तयार केले. पावसाळ्यात लोक ते मोबाइलवर उघडून ठेवतात आणि दर दोन मिनिटांनी बोटाने खाली ओढून ताजे करत बसतात. दर वेळी अख्खे पान नव्याने येते: वरची पट्टी, नकाशा, फोटो, सूचना, सगळे. बदललेला असतो एखादा आकडा, बहुतेकदा तोही नाही. पान जागेवर ठेवून फक्त तो आकडा ठरावीक वेळाने बदलता येतो. ते कसे करायचे आणि त्यात काय काय फसते, ते इथे सांगितले आहे. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख असली तरी पुरे.

अख्खे पान पुन्हा आणले तर

सर्वांत जुना उपाय म्हणजे पानाच्या डोक्यात मेटा रिफ्रेशची एक ओळ टाकणे: दर ६० सेकंदांनी ब्राउझर आपोआप पान पुन्हा आणतो. करायला सोपा, वापरणाऱ्याला तापदायक. वाचक यादीत खाली गेलेला असेल तर पान उडी मारते, अर्धवट भरलेला अर्ज पुसला जाण्याची भीती असते, आणि रेंज नेमकी त्याच क्षणी गेली तर हातातले जुने पानही जाऊन कोऱ्या पडद्यावर चूक दिसते. पुराच्या वेळी हे शेवटचे फार महागात पडते, कारण जुना का होईना, आकडा समोर असणे काहीच नसण्यापेक्षा बरे.

डेटाचा हिशेबही आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ‘पाणी’ या छोट्या शब्दालाच १२ बाइट. मराठी मजकुराचे पान त्यामुळे इंग्रजीपेक्षा जड असते. सर्व्हरवर जीझिप (मजकूर आवळून पाठवण्याची सोय) चालू असेल तर फरक बराच कमी होतो, पण दहा बंधाऱ्यांची ताजी माहिती एक-दोन किलोबाइटांत मावत असताना शंभर किलोबाइटांचे पान पुन्हा पुन्हा कशाला आणायचे?

पान न हलवता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय १९९९ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणली. पुढे सगळ्याच ब्राउझरांनी ती घेतली आणि २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. आज त्याच कामासाठी ‘फेच’ वापरतात. त्या जुन्या सोयीपेक्षा, म्हणजे एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टपेक्षा, ते लिहायला सुटसुटीत आहे.

सांगाडा

लागणाऱ्या गोष्टी तीन. पानात आकड्याची जागा, सर्व्हरवर लहानशी जेसन फाइल (नाव आणि आकडा अशा जोड्यांची साधी मजकूर फाइल), आणि दोघांत ने-आण करणारी स्क्रिप्ट.

पानात बंधाऱ्याचे नाव, ‘पातळी’, ‘मीटर’ हे शब्द आधीच छापलेले असावेत. बदलणाऱ्या प्रत्येक आकड्याला स्वतःचा स्पॅन आणि स्वतःची आयडी द्यावी. जेसनमध्ये प्रत्येक बंधाऱ्यासाठी चारच गोष्टी पाठवाव्या: सांकेतिक नाव, पातळी, एकक आणि मोजणीची वेळ. तयार एचटीएमएल पाठवण्याचा मोह टाळावा. आपल्या भागात एकच पान मराठीत आणि कन्नडमध्ये लागते. शब्द पानात आणि आकडे जेसनमध्ये असले की दोन्ही पानांना एकच फाइल पुरते.

इथे एक खड्डा हमखास लागतो. कार्यालयातून आलेल्या तक्त्यात आकडे देवनागरी अंकांत असतात आणि ते तसेच जेसनमध्ये ढकलले जातात. जावास्क्रिप्टला ‘५१९’ हा मजकूर संख्या म्हणून वाचता येत नाही, त्यातून ‘नॉट अ नंबर’ हाती येते. मग ‘धोका पातळीपेक्षा जास्त आहे का’ ही तुलना कायम ‘नाही’ असेच उत्तर देते आणि लाल इशारा कधीच लागत नाही. चूक कुठे दिसतही नाही, कारण पडद्यावरचा आकडा बरोबर असतो. म्हणून साठवताना आणि पाठवताना इंग्रजी अंक (0 ते 9) वापरावे आणि दाखवताना इंटल नंबरफॉर्मॅटला मराठी-भारत लोकेल देऊन ते देवनागरीत उमटवावे.

रिकाम्या मोजणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. मोजपट्टीवरून आकडा आलाच नाही तर सर्व्हर ‘नल’ पाठवतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये नलचे संख्येत रूपांतर केले की शून्य येते. रिकाम्या मजकुराचेही तेच. नदी दुथडी भरून वाहत असताना पानावर ‘० मीटर’ झळकते. संख्येत बदलण्याआधी नल आणि रिकामा मजकूर वेगळे काढावे आणि तिथे ‘मोजणी आली नाही’ असे शब्दांत लिहावे.

घड्याळ कसे लावायचे

स्क्रिप्टने दर अमुक सेकंदांनी काम करावे म्हणून बहुतेक जण पहिल्यांदा सेटइंटरव्हल वापरतात. कार्यालयाच्या वायफायवर ते छान चालते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, जिथे रेंज येते-जाते, तिथे ते बिघडते. सेटइंटरव्हल आधीच्या विनंतीचे उत्तर आले की नाही हे पाहत नाही. दर १० सेकंदांनी विनंती जात असेल आणि उत्तराला १४ सेकंद लागत असतील, तर पहिलीचे उत्तर येण्याआधी दुसरी निघालेली असते. विनंत्या साचत जातात. त्यातून दुसरीचे उत्तर आधी आणि पहिलीचे नंतर आले, तर ताज्या आकड्यावर शिळा आकडा चढतो.

उपाय सोपा आहे. एकदाच वाजणारा सेटटाइमआउट घ्यायचा आणि पुढची वेळ आधीचे काम पूर्ण संपल्यावरच लावायची. उत्तर मिळो वा चूक येवो, शेवटच्या ‘फायनली’ भागात पुढचा सेटटाइमआउट लिहायचा. तो फक्त यशानंतर चालणाऱ्या ‘देन’मध्ये लिहिला तर पहिल्याच चुकीला साखळी तुटते, पान कायमचे थिजते आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

फेचला स्वतःची अशी वाट पाहण्याची मर्यादा आपण ठरवून दिलेली नसते. विनंती अडकली तर ती बराच वेळ लटकून राहते आणि तिच्यामागे आपली साखळीही. म्हणून अबॉर्टकंट्रोलर लावून ८ ते १० सेकंदांनी विनंती तोडावी. पुढच्या फेरीला पुन्हा प्रयत्न होतोच.

फेचची आणखी एक सवय ठाऊक हवी: सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) पाठवले तरी फेचच्या लेखी ते यशच असते, कारण उत्तर तर मिळाले. उत्तराचा ‘ओके’ हा गुण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘अनपेक्षित चिन्ह’ म्हणून कोनी कंसाची तक्रार कन्सोलमध्ये दिसली, तर समजावे की जेसनच्या जागी एचटीएमएल पान आले आहे. लॉगिन मागणाऱ्या सार्वजनिक वायफायवर हे नेहमीचे.

किती वेळाने विचारायचे

याचे उत्तर आकडा मुळात किती वेळाने बदलतो यावर आहे. पातळी तासाला एकदा मोजली जात असेल तर दर ५ सेकंदांनी विचारून नदी लवकर मोजली जाणार नाही. ३,००० जणांनी पान उघडे ठेवले आणि प्रत्येकाचा मोबाइल दर ५ सेकंदांनी विचारू लागला, तर सर्व्हरवर सेकंदाला ६०० विनंत्या होतात. तेच अंतर ६० सेकंदांचे केले की ५०. पुरात वाचक वाढतात आणि पान नेमके तेव्हाच कोलमडते. तासाभराच्या मोजणीला १ ते २ मिनिटांचे अंतर भरपूर झाले.

अंतरात थोडी यदृच्छा मिसळावी. ६० सेकंदांऐवजी कुणाला ५४, कुणाला ६६. सर्व्हर काही मिनिटे बंद पडून उठला की सगळे मोबाइल एकाच सेकंदाला तुटून पडतात आणि त्याला पुन्हा झोपवतात. हा विस्कळीतपणा तेवढ्यापुरता कामाचा असतो. चूक आली की अंतर दुप्पट करत जावे, ६०, १२०, २४० सेकंद, आणि १० मिनिटांवर थांबावे. एक यशस्वी उत्तर आले की परत ६० वर. सर्व्हरने ४२९ (फार विनंत्या) किंवा ५०३ (सध्या सेवा नाही) सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर पाठवला असेल, तर त्यात लिहिलेली मुदत पाळावी.

सर्व्हरच्या बाजूला डेटाबेस वाचवणे महत्त्वाचे. प्रत्येक विनंतीला डेटाबेस उघडायची गरज नाही. मिनिटाला एकदा चालणारे एक छोटे काम लावावे. त्याने डेटाबेसमधून आकडे काढून जेसन फाइल लिहावी आणि वाचकांना ती फाइलच द्यावी. वाचक तीन हजार असोत की तीस हजार, डेटाबेसला मिनिटाला एकच प्रश्न. मात्र चालू फाइलवर थेट लिहू नये. लिहिणे अर्धे झालेले असताना कुणी वाचले तर त्याला तुटके जेसन मिळते. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहून मग नाव बदलावे. नाव बदलणे एका झटक्यात होते, अधलीमधली अवस्था कुणाला दिसत नाही.

फाइल बदललेली नसेल तर ती पुन्हा पाठवायचीही गरज नाही. सर्व्हर फाइलसोबत ‘ईटॅग’ नावाची खूण देतो, ब्राउझर पुढच्या वेळी ती खूण दाखवतो, आणि बदल नसेल तर सर्व्हर फक्त ‘३०४, बदल नाही’ एवढेच सांगतो. यासाठी कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये ‘नो-कॅश’ लिहावे. नावावरून वाटते तसा त्याचा अर्थ नाही: साठवून ठेव, पण वापरण्याआधी विचारून घे, असा तो आहे. अजिबात साठवू नको असे सांगणारा शब्द ‘नो-स्टोअर’, आणि तो लावला की ३०४ ची सोय गेली. पत्त्याच्या शेवटी दर वेळी नवा आकडा चिकटवून कॅश चुकवण्याची युक्ती सर्रास दिसते. तिने ब्राउझरचे, मधल्या कॅशचे, सगळ्यांचे कष्ट वाया जातात.

पान झाकलेले असताना

वाचक दुसऱ्या ॲपमध्ये गेला, मोबाइल खिशात टाकला, तरी स्क्रिप्टचे घड्याळ आपल्याला वाटते तसे चालत नाही. पाठीमागच्या टॅबचे टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतात. क्रोममध्ये पान ५ मिनिटांहून जास्त झाकलेले राहिले की साखळीतला टायमर मिनिटाला एकदाच चालू शकतो, आणि मोबाइलवर पान पुरते गोठवलेही जाते. ते योग्यच आहे, बॅटरी वाचते.

आपण त्याच्याशी भांडू नये. ‘व्हिजिबिलिटीचेंज’ या घटनेवर लक्ष ठेवावे: पान झाकले की टायमर काढून टाकावा, पुन्हा दिसले की पुढच्या फेरीची वाट न पाहता लगेच विचारावे. रेंज परतल्यावर येणाऱ्या ‘ऑनलाइन’ घटनेलाही तेच. पण पान उघडल्यापासून नवे उत्तर येईपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत वाचकाला दोन तासांपूर्वीचा आकडा ठसठशीत दिसतो, आणि घाईतला माणूस तेवढ्यावर बंद करून निघतोही. म्हणून पान दिसताच आधी आकड्याचे वय तपासून तो फिका करावा आणि मगच विनंती पाठवावी.

आकड्याचे वय

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती इथे. स्वतःहून बदलणाऱ्या पानावर लोक विश्वास ठेवतात. न बदलणाऱ्या कागदावरची तारीख माणूस पाहतो, पण हलत्या पानावर ‘हे आत्ताचेच’ असे गृहीत धरतो. त्यामुळे असे पान थिजले तर ते साध्या पानापेक्षा जास्त धोक्याचे.

एका आकड्यामागे तीन वेळा असतात: बंधाऱ्यावर मोजणी झाली ती, सर्व्हरने फाइल लिहिली ती, आणि मोबाइलला फाइल मिळाली ती. बरीच पाने तिसरी वेळ ‘शेवटचे अपडेट’ म्हणून छापतात, कारण ती मिळवायला सोपी. मोजणी सकाळी ८ ची, आणि पान ११ वाजता सांगते ‘आत्ताच अपडेट’. बंधाऱ्यावरून मोटारसायकल घालायची की नाही हे ठरवणाऱ्याला हे सांगणे म्हणजे फसवणे. छापायची ती मोजणीची वेळ, तीही आकड्याला खेटून: ‘सकाळी ८.०० ची मोजणी, ३ तासांपूर्वी’.

वय काढताना दोन ठिकाणी घसरायला होते. वेळ पाठवताना शेवटी ‘+०५:३०’ हे अंतर लिहिले नाही, तर ब्राउझर ती वेळ मोबाइलच्या स्थानिक घड्याळाची मानतो. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालतो. मग प्रत्येक मोजणी साडेपाच तासांनी जुनी दिसू लागते. आकडा नेमका साडेपाच तासांनी चुकत असेल तर दुसरीकडे शोधूच नये. दुसरे, मोबाइलचे घड्याळ चुकीचे असू शकते. म्हणून जेसनमध्ये सर्व्हरची चालू वेळही पाठवावी आणि वय त्यावरून काढावे. फाइल मिनिटाला एकदाच लिहिली जात असेल तर ही वेळ मिनिटभर मागे असेल, तासाच्या मोजणीला तेवढे चालते. मात्र ते लिहिणारे कामच बंद पडले तर ही वेळही थिजते. त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत ती पुढे सरकली नाही, तर आकडा जुना धरावा.

मोजणीच्या अंतराच्या दुप्पट वय झाले की आकडा फिका करून शेजारी ‘जुना आकडा’ असे शब्दांत लिहावे. नुसता रंग बदलून भागत नाही, रंग न ओळखणारे वाचक असतात आणि उन्हात पडदा नीट दिसत नाही. आकडा काढून मात्र टाकू नये. तो कधीचा आहे हे स्पष्ट असेल तर अनुभवी माणूस त्यावरूनही अंदाज बांधतो. हे वय दर मिनिटाला पुन्हा मोजणारे घड्याळ विनंतीच्या साखळीपासून वेगळे ठेवावे, म्हणजे साखळी तुटली तरी आकडा म्हातारा होत राहतो.

आकडा पानावर ठेवताना

मजकूर बदलायला टेक्स्टकंटेंट वापरावे. इनरएचटीएमएलने अख्खा तक्ता नव्याने लिहिला की वाचकाने निवडलेला मजकूर सुटतो, बटणांना जोडलेली कामे गळून पडतात, आणि बाहेरून आलेल्या मजकुरात कुणी स्क्रिप्ट घुसवली असेल तर तिला दार उघडे मिळते. आधीचा आणि नवा आकडा सारखाच असेल तर हातच लावू नये.

आकड्याची रुंदी आधीच राखून ठेवावी, नाहीतर ९ चे १० होताना सगळी ओळ सरकते आणि बोट भलत्याच दुव्यावर पडते. पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांसाठी ‘आरिया-लाइव्ह’ला ‘पोलाइट’ लावावे, पण फक्त महत्त्वाच्या आकड्याला. ‘३ मिनिटांपूर्वी’ या मजकुराला ते लावले तर अंध वाचकाला दर मिनिटाला तेच ऐकावे लागते.

सर्व्हरनेच कळवायचे असेल तर

बाजार समितीतले सौदे किंवा कबड्डीचा गुणफलक यांत सेकंदांना किंमत असते. तिथे विचारत बसण्यापेक्षा सर्व्हर-सेंट इव्हेंट्स बरे: ब्राउझर एक जोडणी उघडी ठेवतो आणि बदल झाला की सर्व्हर तीतून ओळ पाठवतो. जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतः पुन्हा जोडतो आणि शेवटची कोणती ओळ मिळाली तेही सांगतो, अर्थात सर्व्हरने ओळींना क्रमांक दिले असतील तर. एचटीटीपी १.१ वर एका संकेतस्थळाला साधारण ६ च जोडण्या मिळतात, त्यामुळे कुणी सात टॅब उघडले की सातवा अडकतो. एचटीटीपी २ वर ही अडचण उरत नाही. मधला एन्जिनएक्स सर्व्हर ओळी साठवून एकदम सोडत असेल तर त्याचे प्रॉक्सी बफरिंग बंद करावे लागते. दोन्ही बाजूंनी सतत बोलायचे असेल, जसे गप्पांचे पान, तर वेबसॉकेट. पाणीपातळीला यांतले काहीच लागत नाही. मिनिटाला एकदा विचारणारी साखळी चालवायला स्वस्त आणि दुरुस्त करायला सोपी.

लोकांना देण्याआधी

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम मंद करून पान तासभर चालवावे. विनंत्या एकामागे एक जातात की एकमेकींवर चढतात, ते तिथल्या यादीत लगेच दिसते. मग नेटवर्क पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे. मोबाइलचे घड्याळ दोन तास पुढे करून वय बरोबर येते का ते पाहावे. जेसन फाइल अर्धी कापून ठेवावी, एका बंधाऱ्याची पातळी नल करावी, एकीत देवनागरी अंक घालावे. टॅब रात्रभर उघडा ठेवून सकाळी त्याने मेमरी किती खाल्ली तेही तपासावे, कारण न काढलेले टायमर तिथेच सापडतात. सर्वांत शेवटी फाइल लिहिणारे ते मिनिटाचे काम सर्व्हरवर बंद करावे, पान तसेच उघडे ठेवावे आणि ‘जुना आकडा’ हे शब्द किती मिनिटांनी उमटतात ते मोजावे. ते उमटलेच नाहीत तर पान अजून गावात द्यायच्या लायकीचे झालेले नाही.